आपले मत कोणत्या गावचे?

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला लोकसभेच्या निवडणुकीनंतर "मतदान कुठे केलेत?" असे विचारले, तर फार थोडे लोक शेजारच्या शाळेचे नाव सांगतात. बहुतेकांचे उत्तर असते, "नाव गावाकडे आहे, या वेळी जाणे जमले नाही." मागच्या वेळी जमले होते का, हा प्रश्न शिष्टाचारापोटी आपण विचारत नाही. प्रशासनात निवडणुकीची कामे अनेक वर्षे केल्यामुळे मला मात्र तो प्रश्न सुटत नाही. पंधरा-वीस वर्षे दिल्लीत स्थायिक झालेल्या, इथेच घर घेतलेल्या, मुलांचे शिक्षण इथेच पूर्ण केलेल्या सुशिक्षित कुटुंबाचे मत कऱ्हाड किंवा अकोल्याच्या यादीत पडून असते आणि दर पाच वर्षांनी वाया जाते. माझ्या मते यात गावावरील प्रेमापेक्षा आळस जास्त आहे, आणि त्या आळसाला प्रशासनानेही हातभार लावलेला आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १९ प्रमाणे मतदार होण्यासाठी वय १८ पूर्ण हवे आणि व्यक्ती त्या मतदारसंघात "सामान्यतः रहिवासी" हवी. कलम २० मध्ये या शब्दांचा अर्थ येतो, आणि तिथे पहिलेच स्पष्टीकरण असे आहे की केवळ एखाद्या ठिकाणी मालकीचे घर आहे म्हणून माणूस तिथला सामान्यतः रहिवासी ठरत नाही. म्हणजे गावी वाडा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, गणपतीला आपण जातो, हे सर्व मतदार यादीच्या दृष्टीने गैरलागू आहे. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या कारणाने आपले रहिवासीपण गमावत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कोट्यवधी भारतीय उभे आहेत. तात्पुरते म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. सहा महिने तात्पुरते हे सर्वांना मान्य होईल. वीस वर्षे तात्पुरती, असे मात्र कोणी म्हणू नये.

काही लोकांना कायद्याने सवलत दिली आहे. सैन्यदलातील जवान, स्वतःच्या राज्याबाहेर तैनात असलेले सशस्त्र पोलिस आणि परदेशातील भारतीय वकिलातींमध्ये काम करणारे सरकारी नोकर आपले नाव मूळ गावी ठेवू शकतात व टपालाने मत देऊ शकतात. राष्ट्रपतींनी अधिसूचित केलेली काही उच्च पदेही यात येतात. खासदारांसाठी वेगळी तरतूद आहे: कामानिमित्त मतदारसंघाबाहेर राहिले तरी त्यांचे तिथले रहिवासीपण कायम राहते. माझ्या अनेक सहकाऱ्यांचा समज असा की प्रतिनियुक्तीवर दिल्लीत आलेला महाराष्ट्र केडरचा अधिकारीही या सवलतीत बसतो. तो बसत नाही. मंत्रालयातून शास्त्री भवनात आलेल्या उपसचिवाला जे लागू, तेच करोल बागेतल्या दुकानदाराला लागू.

मतदाराचा पत्ता काळाप्रमाणे कसा बदलतो याचे एक ठळक उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचे. ते आसामातून राज्यसभेवर होते. २०१४ साली पंतप्रधान असताना त्यांनी दिल्लीतून जाऊन दिसपूरच्या शाळेत मतदान केले. २०२४ च्या मे महिन्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी दिल्लीतील आपल्या घरीच मत दिले, कारण त्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी मतदानाची सोय देशभर झाली होती. मधल्या काळात त्यांचे नाव दिल्लीच्या यादीत आले होते, म्हणून ती सोय त्यांना दिल्लीत मिळू शकली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज नोएडात मुलाकडे राहतात आणि नाव मात्र नाशिकच्या यादीत. त्यांच्या दारी मतपेटी कोणी आणायची? नाशिकचे पथक नोएडाला येणार नाही.

आता राजधानी क्षेत्राची स्वतःची अडचण. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे १९८५ च्या कायद्याने नियोजनासाठी निर्माण झाले. दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचे जिल्हे त्यात आहेत. मेट्रोत बसलेल्या माणसाला राज्याची सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. पण निवडणुकीच्या वेळापत्रकाला ती सीमा पक्की दिसते. २०२४ मध्ये अलवरला १९ एप्रिल रोजी मतदान झाले, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरला २६ एप्रिलला, तर दिल्ली, गुरुग्राम व फरिदाबादला २५ मे रोजी. २०१९ मध्येही नोएडा-गाझियाबाद ११ एप्रिलला आणि दिल्ली-गुरुग्राम १२ मे रोजी. एका महानगरात महिनाभर आचारसंहिता, आणि दर वेळी निम्म्या लोकांचे कार्यालय चालू. नोएडात राहून दिल्लीत नोकरी करणाऱ्याला २६ एप्रिलला सुट्टी होती का? कायद्याने होती. १९५१ च्या कायद्यातील कलम १३५ ब नुसार मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे, आणि जो माणूस दुसऱ्या मतदारसंघात नोकरी करतो त्यालाही ती लागू आहे, असे आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. एवढ्या दंडाला दिल्लीत कोणी भीत नाही.

हे अटळ आहे असे नाही. २०१४ साली १० एप्रिल या एकाच दिवशी दिल्लीच्या सातही जागा, हरियाणाच्या दहाही जागा आणि गाझियाबाद व गौतम बुद्ध नगरसह पश्चिम उत्तर प्रदेशातील मतदान पार पडले होते. त्या वर्षी दिल्लीत सुमारे ६५ टक्के, गौतम बुद्ध नगरमध्ये ६० टक्के आणि गाझियाबादेत ५७ टक्के मतदान झाले. २०२४ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ५९, ५४ आणि ५० च्या आसपास आले. घसरणीचे सर्व खापर वेगवेगळ्या तारखांवर फोडणे योग्य नव्हे. उन्हाळा, निरुत्साह, सुट्टीला जोडून बाहेरगावी जाणे, अशी कारणे आहेतच. पण सलग वस्तीचे मतदान एका दिवशी घेणे निदान एकदा तरी शक्य झाले होते, आणि सुरक्षा दलांची सोय पाहून टप्पे ठरवणाऱ्यांनी मतदाराची सोयही त्या तक्त्यात एका रकान्यात लिहावी, एवढे म्हणायला हरकत नाही.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. छेदस्थानी असतात फक्त यादीतील नावे. नोएडात राहणारा पण विटे किंवा आटपाडीच्या यादीत असलेला माणूस नोएडाच्या टक्केवारीत मोजलाच जात नाही. तो सांगलीच्या खात्यात "मतदान न केलेला" म्हणून जमा होतो. म्हणून पुण्यामुंबईत मतदान कमी का, यावर दर निवडणुकीनंतर जो विलाप होतो, त्यातला काही भाग यादीच न शुद्ध केल्याचा आहे. दुसरीकडे लोकसभेच्या मतदारसंघांची आखणी जनगणनेवरून होते आणि जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी बाह्य दिल्ली मतदारसंघात ३० लाखांवर मतदार होते आणि चांदनी चौकात चार लाखांहूनही कमी. २००१ च्या जनगणनेवरून ती विषमता दूर झाली. २०२४ मध्येही साहिबाबाद या एका विधानसभा क्षेत्रात, ज्यात वैशाली आणि इंदिरापुरम येतात, मतदार दहा लाखांच्या घरात होते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये २८८ जागांना ९.७ कोटी मतदार, म्हणजे सरासरी साडेतीन लाखांहून थोडे कमी. एवढ्या मोठ्या क्षेत्राचा आमदार आणि खासदार ज्या लोकांच्या पाण्याचा, कचऱ्याचा, हवेचा विचार करायचा, त्यातले कितीतरी त्याच्या यादीतच नाहीत. लोकसंख्येत आपण मोजले जातो, मतात मोजले जात नाही. मग सोसायटीच्या सभेत "इथला खासदार आपल्याला विचारत नाही" अशी तक्रार होते. त्याने का विचारावे?

नाव हलवायला लोक का कचरतात, याची कारणे मी अनेकांना विचारली आहेत. पहिली भीती जमिनीची. यादीतून नाव गेले की वारसाहक्क जाईल, भाऊबंद फायदा घेतील, असे चांगले शिकलेले लोकही मानतात. सातबारा, वारस नोंद आणि मतदार यादी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दुसरे कारण मात्र खरे आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. लोकसभेसाठी नाव दिल्लीला नेले की ग्रामपंचायतीचे मतही जाते, आणि तिथे निवडणूक लढवण्याचा मार्गही बंद होतो. गावकीत ज्याचे मन गुंतलेले आहे त्याला हे नुकसान मोठे वाटणार, आणि ते वाटणे मी समजू शकतो.

करोल बागेतील आपली गलाई मंडळी याचे उत्तम उदाहरण आहेत. सोन्याचांदीची आटणी आणि शुद्धीकरण करणारे हे कारागीर सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून निघून देशभरच्या सराफ बाजारांत पसरले. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहूनही त्यांनी गाव सोडलेले नाही: गावात घर बांधायचे, जत्रेला जायचे, शाळेला देणगी द्यायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या मताला भाव असतो आणि उमेदवार त्यांच्यासाठी प्रवासाची व्यवस्था करायला तयार असतात. (ही व्यवस्था कायद्याने गुन्हा आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.) पण लोकसभेला त्यांच्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही. २०२४ मध्ये सांगलीचे मतदान ७ मे रोजी होते, ऐन लग्नसराईत. ज्यांच्या हाती दुकान आहे तो दोन दिवसांचा प्रवास करून एका मतासाठी जाईल असे धरून चालणे हा भाबडेपणा आहे.

तिसरे कारण म्हणजे नोंदणीची कटकट, आणि इथे दोष आपल्यापेक्षा व्यवस्थेचा अधिक. २०२२ च्या ऑगस्टपासून पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. तो भरला की जुन्या ठिकाणचे नाव वगळण्याची कार्यवाही त्यातूनच होते. त्याच वेळेपासून वर्षातून चार अर्हता दिनांक आले: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कागदावर हे सोपे आहे. पण भाडेकरूकडून पुरावा मागतात तो नोंदणीकृत भाडेकराराचा. उत्तर भारतात घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो तो मुळी नोंदणी टाळण्यासाठीच, कारण वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, म्हणून पुण्याहून गुरुग्रामला गेलेल्या माणसाला हा अडथळा आधी कळतच नाही. वीजबिल मालकाच्या नावे, आधारवर पत्ता कोथरूडचा. मग तो कंटाळून सोडून देतो. वास्तविक कागद नसल्यास केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने घरी येऊन खात्री करावी, अशी तरतूद आहे. पदपथावर झोपणाऱ्या बेघर माणसाचेसुद्धा नाव, अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो हे पाहिल्यावर, कागदाविना नोंदवता येते. पदपथावरच्या माणसाला जे मिळू शकते ते अठराव्या मजल्यावरच्या भाडेकरूला मिळत नाही, कारण त्या मजल्यापर्यंत जायला अधिकाऱ्याला फाटकावरचा पहारेकरी अडवतो.

फाटकाचा विषय निघाला म्हणून मतदान केंद्राच्या जागेबद्दल. आपल्याकडे नियम असा की मतदाराला दोन किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये. २०२४ पर्यंत एका केंद्रावर कमाल १५०० मतदार असत, २०२५ मध्ये आयोगाने ही मर्यादा १२०० केली. केंद्र शक्यतो सरकारी शाळेत, तळमजल्यावर. देवळात, पोलिस ठाण्यात किंवा दवाखान्यात नाही. दोनशे मीटरच्या आत पक्षाचे कार्यालय नाही. एका मतदारासाठीही केंद्र उभे राहते: अरुणाचल प्रदेशातील मालोगाम येथे २०२४ मध्ये एका महिलेचे मत घेण्यासाठी पथकाने सुमारे ४० किलोमीटरची डोंगरवाट तुडवली. हा आपल्या निवडणूक यंत्रणेचा रास्त अभिमानाचा भाग आहे. पण हे नियम खेडे डोळ्यांसमोर ठेवून झाले. नोएडाच्या नव्या सेक्टरमध्ये एका सोसायटीत तीन-चार हजार लोक राहतात आणि जवळची सरकारी शाळा मूळच्या बरौला किंवा सर्फाबाद गावात असते. अंतर दोन किलोमीटरच्या आत, पण मध्ये रुंद महामार्ग, मे महिन्याचे ऊन आणि आयुष्यात कधी न पाहिलेली गल्ली. म्हणून नोएडा, गाझियाबाद आणि गुरुग्रामच्या काही उंच इमारतींच्या संकुलांत २०२४ मध्ये केंद्रे ठेवली गेली. हा निर्णय योग्य होता.

माझी एक शंका मात्र आहे. खासगी आवारात केंद्र न ठेवण्याचा जुना दंडक काही विचार करूनच घातला होता. ज्याच्या अंगणात मतदान, त्याचा दबाव, हे आपण खेड्यांत पाहिले आहे. दुर्बल वस्त्यांसाठी स्वतंत्र केंद्रे म्हणूनच निघाली. संकुलाच्या क्लब हाऊसमध्ये केंद्र आले की त्याच यादीभागात संकुलाबाहेरच्या घरांतील मोलकरीण, माळी, पहारेकरी येत नाहीत ना, आणि आले तर त्यांना त्या दिवशी नोंदवहीत सही न करता, ओळख न पटवता आत जाता येते का, हे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने स्वतः पाहिले पाहिजे. रहिवासी संघाचे अध्यक्ष पाहतील, यावर सोडू नये. गुरुग्रामच्या चक्करपूर किंवा नाथूपूर गावातील भाडेकरूंच्या खोल्यांपासून केंद्र दूर गेले आणि टॉवरजवळ आले, एवढेच जर घडले, तर आपण सोय केली नाही, फक्त ती एकाकडून काढून दुसऱ्याला दिली. शिवाय केंद्र दाराशी आणूनही गाझियाबादचे मतदान निम्म्यावरच राहिले, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. दाराशी आलेल्या केंद्राचा उपयोग त्यालाच, ज्याचे नाव तिथल्या यादीत आहे.

येथवर मी स्थायिक लोकांबद्दल बोललो. जो खरोखर तात्पुरता बाहेर आहे, त्याचे काय? ऊसतोड मजूर, बांधकामावरचा गवंडी, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेला विद्यार्थी, किंवा वर सांगितलेला गलाई कारागीर, ज्याचे कुटुंब आणि म्हातारपण गावीच आहे. यांना नाव हलवा असे सांगणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी मतच त्यांच्याकडे आले पाहिजे. हे अशक्य नाही, कारण दिल्लीत ते वर्षानुवर्षे घडत आले आहे. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेले मतदार दिल्लीतच खास केंद्रांवर आपल्या मूळ मतदारसंघासाठी मत देतात. २०२४ मध्ये दिल्लीत अशी चार केंद्रे होती. एक नमुना भरायचा, ओळख पटवायची आणि बारामुल्लाचे मत दिल्लीत द्यायचे. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली, तीत एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येणार होते. २०१९ मध्ये सुमारे ३० कोटी मतदारांनी मत दिले नाही आणि देशांतर्गत स्थलांतर हे त्याचे एक मोठे कारण, ही आयोगाचीच मांडणी. १६ जानेवारी २०२३ रोजी पक्षांना प्रात्यक्षिक दाखवायचे ठरले. बहुतेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते यंत्र २०२४ ला वापरात आले नाही. आक्षेप निराधार नव्हते: दूरच्या केंद्रावर प्रतिनिधी कोण बसवणार, स्थलांतरित कोणाला म्हणायचे, आचारसंहिता परराज्यात कशी पाळायची. पण या प्रश्नांची उत्तरे शोधण्याऐवजी विषयच बासनात गेला. परदेशी भारतीयांचेही तेच. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना पारपत्रावरील पत्त्यावर नाव नोंदवता येते, मत मात्र स्वतः येऊनच द्यायचे. २०२४ मध्ये सुमारे १ लाख १९ हजारांनी नोंदणी केली होती. प्रत्यक्ष आले तीन हजारांहून कमी, आणि त्यातही बहुतांश केरळचे.

यादीचा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झाले तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, त्यांपैकी सुमारे ३६ लाख "कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले" या सदरात. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत हेच काम सुरू झाले. या मोहिमेच्या घाईवर आणि कागदांच्या मागणीवर न्यायालयात वाद झाले, ते होणे योग्यच होते. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: दोन्हीकडे अर्धवट राहणाऱ्याचे नाव दोन्हीकडून जाऊ शकते. गावी अधिकारी येतो तेव्हा घराला कुलूप; दिल्लीत अधिकारी येतो तेव्हा यादीत नाव नाही. आणि ज्यांनी हुशारीने दोन्हीकडे नाव ठेवले आहे, त्यांनी जाणून घ्यावे की दोन मतदारसंघांत नाव असणे १९५० च्या कायद्याच्या कलम १७ विरुद्ध आहे, नोंदणीसाठी खोटे निवेदन करणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि दोन्हीकडे मत दिल्यास दोन्ही मते रद्दबातल ठरतात.

दिल्लीतील महाराष्ट्र मंडळांना माझी एक सूचना आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत जेवढी मराठी कुटुंबे एका मांडवात जमतात तेवढी वर्षभरात कधी जमत नाहीत. नाट्यप्रयोगाच्या आधी एक टेबल मांडावे, स्थानिक केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला बोलवावे, नमुना ८ तिथेच भरून घ्यावा, भाडेकरूंसाठी प्रत्यक्ष पडताळणीची तारीख ठरवून घ्यावी. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावे, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव घेता येत नाही, आणि दर निवडणुकीत मला येणारे बहुतेक फोन त्या तारखेनंतरचे असतात.